जयसिंगरावांची काठी सापडली

मी काठी बोलतेय. पितळी डोक्याची, शिसवी अंगाची. आडपडदा ठेवून बोलायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते: मी माणसं फोडली आहेत. बोटं, नडग्या, एक कानशील, एक खांदा. हात दुसऱ्याचा होता हे खरं. पण लागले मी.

तेव्हा माझी कीव करायला बसला असाल तर उठा. ऐकायला बसला असाल तर बसा.

माझा जन्म बडोद्याजवळच्या संखेड्याचा. एका खराद्यानं मला खरादावर चढवून गोल केलं. त्याच दिवशी, त्याच लाकडातून त्यानं पाळण्याचे दोन खांब केले आणि चार लाटणी केली. ती भावंडं कुणाकुणाच्या घरी पोरं झोपवत असतील, पोळ्या लाटत असतील. माझ्या वाट्याला सिनेमा आला.

मला विकत घेतलं जयसिंगरावानं. सगळे त्याला अहोजाहो करतात. मी करणार नाही. मी त्याच्या मुठीत राहिले आहे, मला त्याच्या घामाचा वास माहीत आहे.

तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. बडोद्याचाच, फौजेतल्या घराण्यातला, आजोबा संस्थानच्या घोडदळात. त्याला मुंबईला जाऊन मोठा दिग्दर्शक व्हायचं होतं, आणि मोठं दिसायला हातात काहीतरी हवं होतं. पाय दोन्ही ठणठणीत. संखेड्याहून मला घेऊन तो थेट बडोद्यात मांडवीजवळच्या एका कंसाऱ्याकडे, म्हणजे तांबटाकडे गेला. लिंबाएवढं पितळी डोकं बसवायला सांगितलं आणि वर म्हणाला, "आत शिसं ओता."

म्हाताऱ्या कंसाऱ्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "भाई, लाकडी जोईए के हथोडी?"

तो हसला. काठी हवी की हातोडी, हे कंसाऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मुंबईनं चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

जयसिंगराव मोठा झाला. लढायांचे सिनेमे काढायचा. घोडे, तोफा, धूळ, हजार माणसं, आणि मधोमध हा मला हातात धरून उभा. फोटो काढायला लोक यायचे तर म्हणायचे, "साहेब, काठी दिसू द्या." मुलाखतीत तो सांगायचा की काठी गुरूंनी मरताना दिली. साफ थाप. संखेड्याच्या बाजारात अर्धा तास घासाघीस करून घेतली होती मला. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

माझं पहिलं रक्त एका दिवेवाल्याचं. दिवा हातभर डावीकडे लागला होता. जयसिंगरावानं त्याला खाली बोलावलं, हात टेबलावर ठेवायला सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं काहीतरी दाखवणार. मी त्याच्या बोटांवर पडले. दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

आणि आता माणसांची गंमत ऐका. तो दिवेवाला पुढं दहा वर्षं त्याच्याकडेच राहिला, आणि नव्या पोरांना ती वाकडी बोटं दाखवायचा. "साहेबांचा प्रसाद," म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "तुला एकदाच? मला तीनदा मिळालाय." गरीब माणूस गरिबाला मारतो तेव्हा वळ झाकतात. मोठ्या माणसानं मारलं की वळ मिरवतात. मला किळस यायची. लाकडाला किळस येते का, असं विचारू नका. येते.

सगळ्यात जास्त मी अनुजला लागले. अनुज त्याचा सहायक, पोरगा म्हणावं तर चाळिशीला आलेला. बारीक, घाबरट, खिशात तीन फोन. त्याच्या डाव्या नडगीवर माझ्या नऊ खुणा आहेत. मी मोजल्यात. त्यानं मोजल्या नसाव्यात.

गेल्या वर्षी भाद्रपदात जयसिंगराव बडोद्याला आला. गोत्रीच्या पलीकडे मोकळ्या रानात लाकडाची वेस उभी केली, वेशीबाहेर लढाई. सैनिक म्हणून दोनशे पोरं गावातलीच घेतली. लाठी आणि पट्टा शिकवायला आखाड्यातला वस्ताद बोलावला. त्याचं नाव विश्राम.

विश्राम निजामपुऱ्याचा. वय सेहेचाळीस. दिवसा शाळेची व्हॅन चालवायचा, सकाळी पाच वाजता आखाडा. त्याच्याही घरात चार पिढ्या फौजेतल्या. त्याचा बाप हिंमतराव ऐंशीचा, अजून मिशीला पीळ देणारा. विश्रामच्या केसांना मेंदी, कमरेला लाल पट्टा, आणि पाय असे की मातीत उमटायचे नाहीत. मी चाळीस वर्षं नट पाहिले. उभं राहावं कसं, ते मी त्या माणसात पाहिलं.

तिसऱ्या दिवशी भांडण झालं.

"विश्राम, पोरांना सांग, खरं लागू दे," जयसिंगराव म्हणाला. "मला चेहऱ्यावर दुखणं दिसत नाही."

"साहेब, काठी बोटभर अलीकडं थांबते. ते शिकायलाच दहा वर्षं जातात. लागू द्यायला काय, गाढवसुद्धा लाथ मारतं."

पोरं हसली. तिथंच घात झाला. जयसिंगरावासमोर चाळीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं.

"मी तुझ्या आखाड्यात आलो नाहीये!"

"तेच म्हणतो मी," विश्राम शांतपणे म्हणाला. "आला असतात तर थांबायला शिकला असतात."

एवढं बोलून तो वळला. एका पोराच्या हातातून लाठी पडली होती, ती उचलायला वाकला. पाठ आमच्याकडे.

मला मुठीचा पीळ कळतो. त्यानं मला उलटं केलं, शेंड्याकडून धरलं, डोकं वर. मी त्याच्या डाव्या कानामागं पडले. हाड कसं बसतं ते मला ठाऊक आहे, पण हे हाड बसलं नाही, आत गेलं. विश्राम गुडघ्यावर आला, मग तोंडावर. कानातून रक्त आलं आणि धुळीत त्याचा चिखल झाला. आवाजानं जवळचा घोडा बुजून मागच्या पायांवर उभा राहिला.

जयसिंगरावानं त्या घोड्याकडे पाहिलं. मग ओरडला, "घोडा उधळला! घोड्यानं मारलं त्याला! गाडी आणा!"

दोनशे पोरं होती. निम्म्यांनी तरी पाहिलं होतं. पण उद्याही काम होतं, पडद्यावर तोंड दिसणार होतं. एक म्हणाला, "घोडा." दुसरा म्हणाला, "हो, घोडाच." संध्याकाळपर्यंत सगळ्यांना घोडा दिसला होता.

जयसिंगरावानं मला अनुजच्या हातात कोंबलं. पितळेला रक्त, रक्ताला चिकटलेले मेंदीचे केस. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि आखाड्याच्या लाठ्यांचा भारा बांधलेला होता त्यात मला मधोमध खुपसलं. लोकांच्या नजरेआड करायची होती एवढंच त्याच्या डोक्यात. नंतर काढू म्हणाला असेल. भारा टेम्पोत चढला आणि टेम्पो गेला.

इथून पुढचं मला गंगाबाईमुळं कळलं. गंगाबाई विश्रामची बायको. फतेगंजात मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये रोटल्या करायची. ऐंशी मुली, सगळ्या तिला मासी म्हणायच्या, आणि सगळ्या तिच्या तोंडाला घाबरायच्या. चौथीपर्यंत शाळा. आवाज असा की पंखे, भांडी आणि ऐंशी मुली, सगळ्यांच्या वर जायचा.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा हाताला पीठ होतं. अनुज दारातच उभा. "मावशी, इथं सही करा, म्हणजे लगेच आत घेतात." कागद गुजरातीत होता. तिला गुजराती वाचता येतं. पण आत नवरा रक्त ओकत असताना कोण वाचत बसतं? तिनं सही केली. कागदावर लिहिलं होतं, घोड्याची लाथ.

विश्राम जगला. डावा कान गेला. आणि कानाच्या आत माणसाचा तोल राहतो म्हणे, तो गेला. उभा राहिला की घर फिरायचं. मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरून, आणि तरी पडायचा. एकदा तुळशीच्या कुंडीवर पडून भुवई फोडून घेतली. आणि हा माणूस पाय मातीत उमटू न देणारा.

वर गावात उठलं की वस्ताद दारू पिऊन घोड्याखाली गेला. विश्रामनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. आखाड्यानं पाटीवरून त्याचं नाव काढलं. "पोरांवर वाईट परिणाम होतो," म्हणाले. तीच पोरं, ज्यांनी घोडा पाहिला होता.

विश्राम कुणाशी भांडला नाही. फक्त एकदा बायकोला म्हणाला, "मी घोड्याखाली गेलो नव्हतो, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं. बाकी मला काही नको."

इकडे माझ्या नावानं गाव ढवळून निघत होतं. प्रत्येक फोनवर तोच निरोप: आपल्या बडोद्याचे सुपुत्र, थोर दिग्दर्शक जयसिंगराव यांची गुरूंनी दिलेली काठी हरवली आहे, सापडल्यास मराठी मंडळात आणून द्यावी. पोरं रान धुंडाळत होती. माणसाचा कान गेला त्याची विचारपूस नाही, काठीसाठी हळहळ.

आखाड्यानं लाठ्यांचा भारा विश्रामच्या दारात आणून टाकला. त्यानं आणलेल्या लाठ्या, त्यालाच परत. नवरात्र बसायला चार दिवस होते. गंगाबाईनं भारा सोडला आणि मी बाहेर पडले.

तिनं मला ओळखलं. फोनवर फोटो पाहिला होताच. मग पितळ पाहिलं. वाळून काळं झालेलं रक्त आणि त्यात तीन लाल केस. तिनंच दर महिन्याला लावलेली मेंदी.

तिनं मला उचललं आणि मोरीच्या दगडावर फोडायला हात वर नेला. मी मनात म्हटलं, फोड बाई. आज तुझ्या हातून सुटले तर बरं. पण हात वरच राहिला. तिनं ते केस पुन्हा पाहिले. मग पापडाच्या रिकाम्या पिशवीत माझं डोकं घातलं, वरून दोरा गुंडाळला आणि मला घेऊन पोलीस चौकीत गेली.

जमादारानं पिशवी उघडलीसुद्धा नाही. "बेन, कागळ तमारो, सही तमारी. घोडो लख्यो छे. हवे लाकडी क्यांथी आवी?" कागदावर घोडा लिहिलाय, मग आता काठी कुठून आली, असं त्याचं म्हणणं.

"सही माझी आहे, पण डोकं माझ्या नवऱ्याचं फुटलंय!"

"तो घोडाने पकडी लावो," तो म्हणाला. मग घोड्यालाच पकडून आणा म्हणे. शेजारचे दोघं हसले.

रस्त्यात ती माझ्याशी बोलली. एकट्या बायका वस्तूंशी बोलतात. "तुला परत करणार आहे मी," म्हणाली. "त्याच्याच हातात. सगळ्या गावासमोर. आधी 'ही माझी' असं त्याच्या तोंडून वदवते. मग विचारते, हे रक्त कुणाचं, हे केस कुणाचे."

जयसिंगरावाचा सत्कार मंडळानं दसऱ्याला ठेवला होता, दुपारी चार वाजता, फतेगंजातल्या सभागृहात. गंगाबाईनं मंडळाच्या स्नेहलताबाईंना फोन केला. काठी सापडली आहे, पण मी स्वतः देणार, व्यासपीठावर.

"अगं बाई, खरंच?" स्नेहलताबाई फोनवरच नाचल्या असतील. "गंगाबाई, तुम्ही समाजाची लाज राखलीत हो! साडी जरा चांगली नेसून या. फोटो येतील."

"नेसते की," गंगाबाई म्हणाली.

आणि मग खंडेनवमी उजाडली.

फौजेतल्या घरांत या दिवशी हत्यारं काढतात. गंजली असली, बोथट झाली असली तरी काढतात. हिंमतरावांनी पहाटे आंघोळ केली, जमिनीवर पाट मांडला. पणजोबांची तलवार काढली, पट्टा काढला, कट्यार काढली, आखाड्याच्या लाठ्या काढल्या. गंगाबाई मेसवर गेली होती. कोपऱ्यात मी उभी होते, डोक्याला पिशवी बांधलेली.

म्हाताऱ्याला त्या पिशवीचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दोनच गोष्टी माहीत: परकं हत्यार घरात आलंय, आणि रक्ताचं हत्यार देवापुढं ठेवत नाहीत. त्यानं पिशवी सोडली. चिंच भिजवली, राख घेतली, आणि ऐंशी वर्षांच्या हातांनी मला घासलं. खाचेतलं रक्त काडीनं कोरून काढलं. केस बोटानं पुसून मोरीत सोडले. मग तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

मी ओरडत होते. काठीचं कोण ऐकतं? चाळीस वर्षांत मला इतक्या मायेनं कुणी धुतलं नव्हतं, आणि तीच माया आमच्या मुळावर आली.

गंगाबाई दुपारी घरी आली. पाटावर मी सोन्यासारखी चमकत होते.

"हे कुणी केलं?"

"मी," हिंमतराव खुशीत म्हणाले. "बघ सूनबाई, पितळ कसं उजळलंय."

तिनं पूजेचं ताट लाथेनं उडवलं. हळदीचा सडा भिंतीवर, समई आडवी, झेंडू मोरीपर्यंत. "मामंजी, ते तुमच्या पोराचं रक्त होतं! एवढं एकच होतं माझ्याकडं! एवढं एकच!"

म्हाताऱ्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो मोरीकडे गेला, जाळीत बोटं घालून केस शोधू लागला. सापडायचे थोडेच. मग त्यानं आपलं कपाळ मोरीच्या कठड्यावर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गंगाबाईनं आपला हात मध्ये घातला, आणि त्याचं कपाळ तिच्या तळव्यावर आदळलं.

"बास," ती म्हणाली. "एका घरात एकच डोकं फुटलेलं पुरे."

पलंगावरून विश्राम म्हणाला, "सोड गं. देऊन टाक ती काठी आणि विषय संपव. रक्त गेलं."

गंगाबाईनं हळदीनं माखलेला हात पदराला पुसला. "रक्त गेलं. मारणारा हात आहे ना अजून जागेवर?"

तिच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही.

दसऱ्याला सभागृह खच्चून भरलं. फेटे, पैठण्या, आपट्याची पानं. आमचा माणूस, आमचा माणूस, असं जो तो म्हणत होता. गंगाबाई नवऱ्याला आणि सासऱ्याला रिक्षातून घेऊन आली होती. तिसऱ्या रांगेत कडेला विश्रामला बसवलं. तो दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून बसला होता, नाहीतर सभागृह फिरलं असतं.

व्यासपीठाच्या पायरीशी अनुज उभा होता. त्यानं आधी मला पाहिलं, मग तिला. तोंड पांढरं पडलं. दवाखान्याच्या दारातली पिठाची बाई त्यानं ओळखली. एक हाक मारली असती तर तिला तिथंच अडवलं असतं. तो बाजूला झाला. का झाला, ते तोच जाणे. नडगी चोळत होता एवढं मी पाहिलं.

"आणि आता," स्नेहलताबाई माइकवर म्हणाल्या, "आपल्या एक प्रामाणिक भगिनी साहेबांचा गुरुप्रसाद साहेबांना परत देतील!"

टाळ्यांचा कडकडाट. गंगाबाईनं मला आडवं धरून पुढं केलं. जयसिंगरावानं मला घेतलं, डोक्यावरून अंगठा फिरवला, आणि मला पुन्हा तो घामाचा वास आला.

"ही तुमचीच ना? नीट बघा," गंगाबाई म्हणाली.

"बाई, माझ्या हाताला विचारा!" तो हसला. पुन्हा टाळ्या.

"मग हातालाच विचारते. गोत्रीच्या रानात विश्राम वस्तादाचं कानशील हिनंच फोडलंत ना?"

टाळ्या मध्येच तुटल्या. कुणीतरी माइक बंद केला. तिला माइक लागत नव्हता.

"त्याला घोड्यानं मारलं," जयसिंगराव दात दाखवत हळू म्हणाला. "फोटो झाला ना तुमचा? उतरा आता."

"घोड्याच्या पायाला पितळ होतं का हो?"

मागं कुणीतरी खुसकन हसलं. माझ्याभोवतीची मूठ आवळली गेली.

"हिला कुणीतरी खाली न्या."

"नेतील हो. तुमच्याच लोकांचं राज्य आहे. पण बडोद्याच्या फौजेतल्या घरात जन्मलात म्हणून विचारते." ती आता लोकांकडे तोंड करून बोलत होती. "तुमचे आजोबा घोडदळात होते. त्यांनी कुणाला पाठीमागून मारलं असं गावात कुणी ऐकलंय? नातवानं मारलं. माझा नवरा वाकला होता. तोंडावर मारायची छाती झाली नाही नातवाला. समोर उभा राहिला असता ना विश्राम, तर ही काठी यांच्या हातात राहिली नसती!"

जयसिंगरावाच्या मानेची शीर ताडताड उडत होती. ती मला मुठीतून कळते.

"तोंड सांभाळ," तो म्हणाला.

"का? काय कराल?" तिनं पदर खोचला. आणि मग तिनं जे केलं ते मी कुठल्या सिनेमात पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाठ केली. सहाशे माणसांकडे तोंड करून, हात खाली सोडून उभी राहिली. "घ्या. तुम्हाला अशीच सवय आहे."

तेव्हा मला कळलं. रक्त धुतलं गेलं होतं, म्हणून ती नवं घेऊन आली होती.

त्यानं मला उलटं केलं. मी सुटायला बघत होते. तेलाचा हात होता कालचा, निसटता आलं तर बघत होते. काठीला स्वतःहून थांबता येत नाही. मी पडले. तिच्या उजव्या खांद्याचं हाड तुटल्याचं मला डोक्यात कळलं. ती एका गुडघ्यावर आली, पण तोंडावर पडली नाही.

बायका किंचाळल्या. स्नेहलताबाईंच्या हातातलं चांदीचं ताट घणघणत पायऱ्या उतरलं. सगळीकडून फोन वर झाले.

आणि जयसिंगराव, चाळीस वर्षं ज्याला कुणी विचारलं नव्हतं तो, भान सोडून ओरडला, "हो! मारलं! हिलाही मारलं, त्यालाही मारलं! मारल्याशिवाय तुम्हा लोकांकडून काही होतं का? मार खाल्ला म्हणून दिसलात पडद्यावर!"

मागच्या दोन रांगांतून टाळ्या आल्या. सवयीच्या. मग त्याही थांबल्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून विश्राम उठला. दोन पावलं टाकली आणि आपटला. उठला, पुन्हा आपटला. तोंड फुटलं. मग उठायचा नाद सोडून तो हातापायांवर रांगत व्यासपीठावर चढला. जयसिंगराव मला पुन्हा उगारत होता. विश्रामनं जमिनीवरूनच हात घातला, मनगटाला एक पीळ दिला, आणि मी त्याच्या हातात आले. हाड मोडल्यासारखा आवाज आला आणि जयसिंगराव मनगट धरून खाली बसला.

आता मी त्या हातात होते. मी खरं सांगते, मी म्हटलं, मार. घाल याच्या कानामागं. मला त्याचंही रक्त चाखू दे. विश्रामचा हात वर गेला होता. गंगाबाईनं गुडघ्यावरूनच नवऱ्याकडे पाहिलं.

"मारलंस तर पुन्हा सगळे म्हणतील दारू प्यायला होता," ती दात आवळून म्हणाली. "तो बोललाय. सगळ्यांनी ऐकलंय. मला उठव आता, दुखतंय."

विश्रामनं मला जमिनीवर टेकवलं. सगळं अंग माझ्यावर टाकलं आणि उठून उभा राहिला. डोलत, पण उभा. एका हातात मी, दुसऱ्या हातानं त्यानं बायकोला उठवलं. दोन माणसांचं ओझं माझ्यावर आलं तेव्हा माझ्या अंगात कुठंतरी तडा गेला. आवाज मलाच ऐकू आला.

आता मी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात सुतळी, सुतळीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नंबर. शेजारी एक गंजका कोयता आहे. दिवसभर म्हणत असतो, मी निर्दोष आहे. मी त्याला म्हणते, गप रे, धार काय शेजाऱ्याची होती?

बातम्या इथं पोचतात. हवालदार जेवताना बोलतात. गंगाबाईच्या खांद्यात लोखंडी पट्टी घातली, हात वर जात नाही, रोटल्या सुटल्या. वसतिगृहाच्या मुली पाळीपाळीनं तिच्या घरी जाऊन पीठ मळून देतात आणि शिव्या खातात. आखाड्यातले लोक पेढे घेऊन दारात गेले होते. तिनं त्यांना अर्धा तास उन्हात उभं केलं आणि मग विचारलं, "घोडा कुठंय?" पाटीवर विश्रामचं नाव पुन्हा लिहिलं. तो आता खुर्चीत बसून शिकवतो. ज्यांना घोडा दिसला होता त्यांतल्या एकवीस जणांनी येऊन जबाब बदलले. अनुजनं सगळ्यांत आधी, नडगी उघडी करून.

आणि जयसिंगरावाच्या वकिलानं अर्ज दिलाय. काठी ही थोर कलावंताची आठवणीची वस्तू आहे, जप्तीतून सोडवून मालकाला परत करावी.

मला परत करायला एक बाई आपला खांदा मोडून गेली. तेवढं परत करणं पुरे झालं. पुन्हा करू नका. त्याचं मनगट बरं होतंय आणि माझ्या डोक्यातलं शिसं तसंच आहे. काचेच्या पेटीत ठेवून खाली चार ओळीही लिहू नका. लोक त्यापुढं फोटो काढतील. निकाल लागला की डोकं कापून काढा, शिसं काढून टाका, लाकूड कुणाच्या तरी बंबात घाला. आंघोळीला पाणी तापेल.

तोवर मी इथं आहे, नंबर घालून. कुणी नवा साहेब येईल, पुठ्ठा वाचेल आणि विचारेल, कुणी मारलं म्हणून. तर त्याचं नाव सांगा, माझं सांगा. घोड्याचं घेऊ नका.